सातवी पेटी

आंध्रातून बर्फात मासे येतात अड्याळच्या बाजारात,
त्या रिकाम्या थर्माकोलच्या पेट्या मी घेतल्या,
वीस रुपयांना एक.
आठवडाभर उन्हात ठेवूनही वास जाईना.
मग पाणी भरलं, तळाशी काळी रेती.
पांढऱ्या तळावर झिंगा फिका पडतो,
काळ्यावर अंगातला लाल बाहेर काढतो.
बाबांना पटलं नाही.
"रंग रक्तात रायते वं, रेतीत काहून राहीन?"
दोन्हीत राहतो, बाबा.

रूपचंद नान्हे, ढिवर, मामा तलावाचे जुने जाळेवाले.
त्यांनी जन्मभर झिंगे पायलीनं मोजले.
नखाएवढा एक झिंगा, त्याचे पन्नास रुपये,
हे ऐकून ते असे हसले
की तोंडातला खर्रा माझ्या ओढणीवर.

मादीच्या मानेमागे पिवळं खोगीर दिसलं
की समजायचं, अंडी धरते आहे.
मग ती कात टाकते,
आणि त्या रात्री पेटीतले सगळे नर
पिसाटासारखे पोहत सुटतात, कोपरा ना कोपरा.
सकाळी अंडी पोटाखाली उतरलेली,
वीस-पंचवीस, मोहरीहून लहान.
ती पायांनी त्यांना वारा घालत राहते,
खातानाही, झोपतानाही, झोपत असेल तर.
मे महिन्यात सेहेचाळीस अंशांत लाइन गेली
तेव्हा मीही तेच करत होते, सुपानं,
ओल्या पोत्यांवर, पहाटेपर्यंत.

पाणी कमी दिसलं म्हणून एका दुपारी आईनं
दुसऱ्या पेटीत गुंडातलं गार पाणी ओतलं.
तांब्याचा गुंड, तिच्या लग्नातला,
चिंचेनं घासून लख्ख.
संध्याकाळी एकशे चाळीस झिंगे कुशीवर,
काही शिजल्यासारखे गुलाबी.
तांबं माणसाला चांगलं, त्यांना विष.
आई काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून गुंड माळ्यावर उपडा.
घरात कोणाला माहीत होतं हे?
मला माहीत होतं.

उरलेले वाचवायच्या घाईत
मी लाल आणि निळे एकाच पेटीत टाकले.
करायची नसते ती चूक.
पहिली पिल्लं कशीबशी, दुसरी कळाहीन,
तिसरी तर मातकट, काचेसारखी,
आतलं खाल्लेलं शेवाळही दिसेल अशी.
कोणीतरी कुठेतरी शंभर पिढ्या
एकेक लाल ठिपका वेचून जमवलेला रंग,
माझ्याकडे एका पावसाळ्यात धुऊन गेला.

नागपूरचे गजभिये फोनवर म्हणाले,
"ते तपकिरी काढ आधी, माशांना घाल.
मला पायापर्यंत लाल पाहिजे, पाठीवर फट नको."
रोज संध्याकाळी पांढऱ्या बशीत मी निवडते,
तांदळातले खडे निवडावेत तसं.
अव्वल एका वाटीत, दुय्यम दुसरीत.
आणि हे.

बाबा वाकले, कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
"हे तं आपलेच होत. तलावातले."
नाही बाबा, तैवानहून आलेल्यांचे नातू आहेत.
"असतीन. दिसते तं आपलेच."

सातवी पेटी त्यांची.
विकत नाही. माशांना घालत नाही.
तलावात सोडू का, बाबा रोज विचारतात,
मी रोज नाही म्हणते, कारण रोज सांगते,
ते रोज विसरतात, किंवा तसं दाखवतात.

रात्री टॉर्च मारली तर पेटीत काहीच नसतं.
मग रेती जराशी सरकते,
उकडलेल्या पालकाचं पान आपोआप हलतं.
बाबा मागं उभे. डोळ्यांनीच माप घेतात.
"दिवाळीलोक," म्हणतात,
"पायलीभर होतीन."